दाखवायचं कार्ड, जपायचं कार्ड

मावशीकडे गेलं की संध्याकाळी दुकानात जायचं काम माझ्याकडे येतं. बंदराच्या वळणावरचं ते दुकान, मालवणपासून फार लांब नाही. आत शिरलं की सुक्या बांगड्याचा, नव्या दोरखंडाचा आणि उघड्या गुळाच्या ढेपेचा वास एकदमच येतो. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी दुकानदाराने सुट्टे पैसे द्यायला गल्ल्याशेजारचा खण ओढला आणि तो गरजेपेक्षा जास्त उघडला. आत रबरबँड लावलेली कार्डांची जुडी होती. एटीएमची कार्डं. निळी, हिरवी, काही वापरून पांढरी पडलेली. प्रत्येकाला सेलोटेपने कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर बॉलपेनने नाव आणि नावापुढे चार आकडे. माझी नजर तिथे अडकली हे त्याने पाहिलं, पण खण लोटायची घाई केली नाही. "म्हाताऱ्यांची आसत," तो शांतपणे म्हणाला, "निराधारचे पैशे काढून हाडतंय मी." वरच्याच पट्टीवर मावशीचं नाव होतं.

घरी येऊन मी मावशीला विचारलं तेव्हा आवाज थोडा चढलाच असेल. ती माडाच्या हिरांची केरसुणी बांधत होती, हातातलं काम न थांबवता म्हणाली, "घरात ठेवलंय तर झील काढून दारूत घालतलो. थय ऱ्हवला तर म्हयन्याक पैशे तरी दिसतत." यावर मी काय बोलणार? दुकानदार माल आणायला बाजाराला जातो, तिथल्या एटीएममधून या बायकांचे पैसे काढतो, वहीत मांडतो, उधारी वळती करून उरलेले हातात देतो. एसटीचं भाडं वाचतं, बँकेतल्या रांगेत पाय सुजत नाहीत, मशीनसमोर मागच्या माणसाला "जरा बघ रे" म्हणावं लागत नाही. त्याने कधी कुणाचा रुपया खाल्ल्याचं गावात ऐकिवात नाही. मावशीचा त्याच्यावर विश्वास आहे आणि त्या विश्वासाला पोटच्या मुलावरचा अविश्वास कारण आहे. त्या खणाला मी नावं ठेवू शकत नव्हते आणि तो डोक्यातून जातही नव्हता.

रात्री जेवताना हा विषय निघाला तसा भाचा उत्साहाने बोलू लागला. तो कोल्हापूरला शिकतो. त्याच्या कॉलेजचं ओळखपत्र आणि बँकेचं कार्ड एकच आहे: पुढच्या बाजूला फोटो, नाव, रोल नंबर, आणि त्याच तुकड्यावर बँकेची चिप. त्याच कार्डाने ग्रंथालयात पुस्तक मिळतं आणि त्याच कार्डाने एटीएममधून पैसे निघतात. "सगळ्यांनाच असं द्यायला हवं," तो म्हणाला. "आधार, रेशन, बँक, सगळं एका कार्डात. आज्जीला एकच वस्तू सांभाळायची." मावशीला हे पटलं. तिच्या ट्रंकेत कोरोनात घेतलेल्या लशीच्या कागदापासून मतदार कार्डापर्यंत सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेलं असतं आणि नेमका हवा तो कागद कधीच वर नसतो. "एकच केल्यानी तर बरा न्हय गे? किती कार्डां सांभाळूची?" मी भाच्याचं कार्ड हातात घेतलं. ते निळ्या फितीला लावलेलं होतं. दिवसभर तो ते गळ्यात घालून फिरतो. खेळाचं सामान घेताना ते खिडकीत ठेवून द्यावं लागतं, विसरून आलं की फाटकावरचा पहारेकरी नाव लिहून घेतो. म्हणजे ज्या वस्तूत त्याच्या बापाने महिन्याचे पैसे भरलेत ती वस्तू दिवसातून कितीदा तरी परक्याच्या हातात जाते. आणि जायलाच हवी, कारण ते ओळखपत्र आहे. ते दाखवण्यासाठीच असतं.

तिथेच मला माझी अडचण सापडली.

माझी आजी मासे विकायची. नऊवारीच्या ओच्याआड कमरेला कापडी चंची, त्यात पानसुपारी आणि दिवसभराची विक्री. गिऱ्हाइकासमोर ती चंची पूर्ण कधी उघडत नसे. दोन बोटं आत घालून चाचपून नेमकं नाणं काढायची. तोंड मात्र सगळ्या बाजाराला दिसायचं. कपाळावरचं ठसठशीत कुंकू, गोंदलेली हनुवटी, पाटीवर बसायची ठरलेली जागा. ही अमक्याची सून, तमक्या वाडीची, हिचे बांगडे ताजे असतात, एवढी तिची ओळख होती आणि ती सगळ्यांसाठी खुली होती. चंची कुणासाठीच खुली नव्हती, आजोबांसाठीसुद्धा नाही.

किनाऱ्यावरचा जुना व्यवहार असाच तोंडओळखीवर चाले. रापणीचं जाळं पाण्यात वर्तुळ घेऊन आलं की दोन्ही टोकांचे दोर ओढायला वाडीतली माणसं उभी राहतात. ज्याचा हात दोराला लागला त्याचा मासळीत वाटा. कोण आलं, कोण उशिरा आलं, कुणाच्या जागी त्याचा पोरगा आला, हे वाळूत उभ्या सगळ्यांना ठाऊक. मुंबईहून चाकरमान्याची मनीऑर्डर यायची तेव्हा पोस्टमन आजीला नावाने हाक मारायचा, शाईचा पॅड उघडून अंगठा घ्यायचा आणि शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही. अंगठा पुरेसा नव्हता, तो कुणाचा हे सांगणारं माणूस लागायचं. ते दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. पोस्टमनला घरातलं सगळं माहीत असायचं, साक्षीदाराला तर त्याहून जास्त, आणि आजीच्या हातात किती आले हे संध्याकाळपर्यंत वाडीभर व्हायचं. बँकेत जाऊन आपले पैसे आपण गुपचूप काढायचे हे सुख तिला मिळालं नाही. मावशीला ते कार्डाने देऊ केलं होतं आणि ते कार्ड आता खणात आहे.

आमच्या किनाऱ्यावर ओळखपत्रं समुद्राच्या बाजूने आली. नोव्हेंबर २००८मध्ये पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवून मारेकरी मुंबईत उतरले आणि त्यानंतर दर्यात जाणाऱ्या प्रत्येकाला तू कोण हे विचारलं जाऊ लागलं. मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं देण्याची योजना आली, देशभरातल्या तीन हजारांहून अधिक किनारी गावांत रहिवासी ओळखपत्रांसाठी बोटांचे ठसे घेतले गेले. मग आधार आलं. त्याचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारमधल्या टेंभलीत दिला गेला. तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, हे सगळं जाड पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये खोचतात. तटरक्षक दलाची किंवा पोलिसांची गस्ती बोट आडवी आली की पिशवी बाहेर. खारं पाणी, डिझेल आणि बर्फ यांत राहून ती कार्डं लवकरच धूसर होतात. खलाशांत नेपाळी पोरं बरीच. त्यांच्याकडे त्यांच्या देशाचा नागरिकतेचा कागद असतो, आणि हंगामाच्या सुरुवातीला उचल दिली की काही नाखवे, म्हणजे बोटींचे मालक, तो कागद कपाटात ठेवून घेतात. उचल फिटेपर्यंत. पोरगा पळून जाऊ नये म्हणून. लहानपणापासून मी हे पाहत आले होते आणि त्यात काही वावगं आहे असं मनात आलं नव्हतं. दुकानातला खण पाहिल्यावर ते कपाट आठवलं.

आता कुणी म्हणेल की कार्डांचं काय घेऊन बसलात, आता अंगठाच कार्ड झाला आहे. खरं आहे. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, आणि १ सप्टेंबर २०१८ला पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाल्यापासून पोस्टमन पुन्हा अंगठा घ्यायला दारात येऊ लागला आहे, शाईच्या पॅडऐवजी छोटं यंत्र घेऊन. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी याहून मोठी सोय मी पाहिलेली नाही. पण आमच्याकडचे अंगठे बघा. रापणीचा दोर तळहात घासत जातो. सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलणाऱ्या बायांची बोटं बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास असतात, कातडी पांढरी पडून सुटते. काजूच्या कारखान्यात टरफलातलं तेल बोटांना लागतं, ते कातडी जाळतं. बाया बोटांना राख लावतात, तेल लावतात, तरी हंगामाच्या शेवटी बोटाच्या टोकावर गुळगुळीत चकाकी उरते. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर त्या एकेक बोट ठेवून बघतात, पदराला पुसतात, फुंकर घालतात, पुन्हा ठेवतात. मागची रांग चुळबुळ करते. ज्या कामाने पोट भरतं तेच काम त्यांची यंत्रातली ओळख पुसून टाकतं. रेशनसाठी निदान रेशनच अडतं. ओळख आणि पैसा यांची एकच किल्ली झाली की बोट न जुळल्याने दोन्ही कुलपं एकदम बंद राहतात. मशीनला बोट उमटत नाही तेव्हा मोबाईलवरचा आकडा, डोळा, चेहरा असे दुसरे मार्ग आहेत, पण ते आहेत हे त्या बाईला सांगणारं माणूस समोर असावं लागतं, आणि मोबाईल नंबर तिचा स्वतःचा असावा लागतो. मावशीच्या आधारला मावसभावाचा नंबर जोडलेला आहे.

आणि जोड एकदा झाली की पैसा कुठे जाईल हे आपल्या लक्षात राहतंच असं नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हा मी गावात होते. बायका पासबुकं घेऊन बँकेत धावत होत्या, एंट्री नाही. सरकारी मदत आधारवर जाते म्हणजे ज्या बँकेशी आधार शेवटचं जोडलं गेलं तिथे जाते. कुणी गॅससाठी, कुणी बचत गटासाठी, कुणी कुठल्याशा शिबिरात अंगठा देऊन उघडलेलं खातं विसरून गेली होती. पैसे बुडले नव्हते, तिथे जाऊन बसले होते. त्याआधी २०१७मध्ये तर एका मोबाईल कंपनीने सिमकार्डाची पडताळणी करता करता ग्राहकांची आपल्या पेमेंट बँकेत खाती उघडली आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली, ज्यांची सबसिडी होती त्यांना पत्ताही नाही. त्या डिसेंबरात आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी थांबवली. एवढं सगळं एका प्लास्टिकच्या कार्डाशिवाय घडलं. ओळख सांगायला दिलेला अंगठा पैशाची वाट बदलायला वापरला गेला. म्हणूनच २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मदत हवी असेल तर जोडावंच लागतं, हे खरं. मावशीसारख्यांपुढे त्यामुळे निवड फारशी उरत नाही.

एकाच कार्डात सगळं, ही कल्पना भाच्याला सुचण्याच्या आधी अनेक सरकारांना सुचलेली आहे. मलेशियाने २००१मध्ये नागरिकांचं चिपचं ओळखपत्र काढलं, त्यातच टोल आणि प्रवासभाडं भरायच्या पैशांची सोय. २८ ऑगस्ट २०१४ला, आपल्याकडे जनधन योजना सुरू झाली त्याच दिवशी, नायजेरियात राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी राष्ट्रीय ओळखपत्राचं वाटप सुरू केलं आणि त्या ओळखपत्रावर मास्टरकार्डचं बोधचिन्ह होतं. तेच कार्ड ओळखीचं, तेच पैशांचं. आपण त्या दिवशी दुसरी वाट धरली. खातं उघडायला ओळख लागली, पण हातात दिलेलं रुपे कार्ड वेगळं ठेवलं. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २०१२पासून तिथे वृद्ध, अपंग आणि मुलांच्या मदतीचे पैसे बोटांच्या ठशांवर नोंदणी करून दिलेल्या बँक कार्डावर येऊ लागले. पुढे त्याच खात्यांतून कर्जाचे हप्ते, मोबाईलचे रिचार्ज परस्पर कापले जाऊ लागले. आज्या तक्रार करत ऑफिसांचे उंबरठे झिजवत राहिल्या, आंदोलन उभं राहिलं, प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. आणि तिथल्या वस्त्यांमधले सावकार आजही गरिबांची कार्डं पिनसकट तारण ठेवून घेतात, अनेकदा ओळखपत्रही. हे वाचलं तेव्हा कागदाच्या पट्ट्या चिकटवलेली ती जुडीच माझ्या डोळ्यांपुढे आली. फरक एवढाच की आमचा दुकानदार सावकार नाही.

तो नाही. पण उद्या दुकान त्याचा मुलगा चालवेल.

तेव्हा मावशीचं भांडण झालं, वहीतला आकडा तिला पटला नाही, तर ती काय करेल याचा मी विचार केला. ती ट्रंकेतलं आधार काढेल, एसटी पकडेल, बँकेत जाऊन सांगेल की हे कार्ड बंद करा, मला नवीन द्या, ही बघा मी. त्या क्षणी तिच्या हातात काहीतरी असायला हवं ज्यावर तिचा फोटो आहे आणि जे खणात नाही. पैशाचं साधन गेलं तर ओळखीच्या जोरावर ते परत मिळवता येतं. दोन्ही एकाच तुकड्यात असली तर खणाच्या मालकाकडे हात पसरण्यावाचून तिला मार्ग नाही. शिवाय दोघांचं आयुष्य वेगळं आहे. बँकेचं कार्ड काही वर्षांनी मुदत संपून बदलतं, पिन बदलता येतो, हरवलं तर एका फोनवर बंद होतं. बँकाही बदलतात. १ एप्रिल २०१९ला देना आणि विजया बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या आणि लोकांच्या पासबुकावरचं नाव बदललं. आधारचा बारा आकडी क्रमांक आयुष्यभराचा. बोट तर बदलताच येत नाही. बँक विलीन झाली म्हणून मावशीच्या तू कोण या प्रश्नाचं उत्तर का बदलावं? आणि उलटंही: कुठल्याही लॉजमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, सिमकार्डाच्या टपरीवर ज्याची प्रत राहते, त्या कागदाच्या आत तिची पेन्शन का असावी?

दोन कार्डं सांभाळण्याचा त्रास खरा आहे हे मला मान्य आहे. तो सोसणारी मी नाही, मावशी आहे, आणि तिने 'एकच बरं' म्हटलं त्याला वजन आहे. तिला हवी आहे ती सोय मात्र एकाच कार्डानेच मिळते असं नाही. महिन्यातून एकदा पोस्टमन ठरलेल्या दिवशी वाडीत आला, बोट नाही उमटलं तर दुसरा मार्ग त्याने स्वतःहून वापरला, पैसे मोजून तिच्याच हातात दिले आणि मुलापासून लपवायला तिला तिची चंची पुरली, तर खणाची गरज निम्मी होईल. उरलेली निम्मी गरज दारूची आहे. तिच्यावर कार्डाचा उपाय नाही.

हे सगळं मनात असताना मच्छीमार सोसायटीच्या सभेत तोच प्रश्न वेगळ्या रूपात आला. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं मोकळी असतात, सभा तेव्हाच भरते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९च्या अर्थसंकल्पापासून मच्छीमारांनाही मिळू लागलं, त्यावर रुपे कार्ड येतं. एका तरुण सभासदाने सूचना मांडली की दर्यात न्यायचं ओळखपत्र आणि हे कर्जाचं कार्ड एकत्र करून द्या असा अर्ज सरकारकडे करावा. बऱ्याच माना डोलल्या. मग मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे तांडेल बोलले, "दर्यात नेतलंव ता कार्ड भिजतला, नायतर हरावतला. त्येच्यात माजे पैशे घालू नको." सूचना तिथेच थांबली नाही, चर्चा तासभर चालली. शेवटी अर्ज करायचा, पण काय मागायचं ते नीट लिहून आणा असं ठरलं आणि लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मसुदा लिहिते आहे. ओळखीचं कार्ड आणि पैशाचं कार्ड वेगळं ठेवा, ही पहिली मागणी. ओळखीचं कार्ड खाऱ्या पाण्यात टिकेल असं द्या आणि खराब झालं तर विनामूल्य बदलून द्या, ही दुसरी. बोट न उमटणाऱ्या बायांची यादी पोस्टाने आणि रेशन दुकानाने आपणहून करावी, त्यांना रांगेत सिद्ध करायला लावू नये. बुडालेल्या माणसाच्या घरच्यांना रुपे कार्डावरच्या अपघात विम्याची माहिती बँकेने स्वतः द्यावी, कारण कार्ड ठरावीक मुदतीत एकदा तरी वापरलेलं असावं लागतं ही अट कुणालाच ठाऊक नसते आणि दुकानाच्या खणातल्या कार्डांच्या मालकिणींना तर नाहीच नाही. इथपर्यंत सगळे सही करतील. शेवटी मी आणखी एक ओळ लिहिली आहे: कुणाही खलाशाचा ओळखीचा कागद उचलीच्या बदल्यात नाखव्याने ठेवून घेऊ नये, आणि सोसायटीने हे आपल्या सभासदांपासून सुरू करावं. ज्यांच्या कपाटात असे कागद आहेत ते सभेत पहिल्या रांगेत बसतात, त्यांतले दोघे माझे नातेवाईक आहेत. वाद होईल. ती ओळ मी काढणार नाही.